पाठराखणीची बॅग

"काही आणू नका, हातातली एकेक बॅग बास," असं आमच्या होणाऱ्या विहीणबाई फोनवर म्हणाल्या आणि माझ्या कपाळावर जी आठी चढली ती लग्न लागेपर्यंत उतरली नाही. मागणाऱ्या लोकांचं एक बरं असतं. ते काय मागतात ते कळतं, आपल्याला झेपेल की नाही ते ठरवता येतं. काही नको म्हणणारे लोक पुढं कधी आणि कशाच्या रूपात मागतील याचा भरवसा नसतो. भाऊ म्हणाला, "अगं, चांगली माणसं आहेत." मी म्हणाले, "आहेत ना? मग एवढी चांगली का आहेत?" त्यावर तो पेपर उघडून बसला.

संशय हा माझा स्वभाव आहे आणि पोटापाण्याचा धंदाही. सोलापुरात टॉवेलच्या एका कारखान्यात मी तपासणीला आहे. विणून, धुऊन, शिवून आलेला टॉवेल माझ्या टेबलावर पसरतात आणि मी त्यात खोट शोधते. ओढला गेलेला धागा, वाकडी किनार, यंत्राच्या तेलाचा डाग. निर्मळ टॉवेल हाती आला की मला आनंद होत नाही, आपल्या नजरेतून काहीतरी सुटलं असं वाटतं. आमची वहिनी म्हणते, "वन्सं, तुम्ही देवाच्या मूर्तीचीसुद्धा मागची बाजू बघाल." बघतेच. मागं कुणी पॉलिश करत नाही, त्यामुळं खरं काय ते तिथं दिसतं.

लग्न माझ्या भाचीचं होतं, भावाच्या एकुलत्या एका मुलीचं. मी तिची आत्या. नवऱ्याच्या घरातून परत आल्यापासून मी भावाकडंच राहते, त्यामुळं ती वाढली माझ्याच मांडीवर. मुलगा बंगळूरचा, पण आमच्यातलाच. म्हणजे घरात कन्नड आणि मराठी एकाच ताटात वाढणारी माणसं. लग्न सोलापुरात झालं की वऱ्हाड रेल्वेनं परत जाणार आणि नवरानवरी मात्र पुण्याहून विमानानं, असं मुलाकडून कळलं. आता सोलापूरहून बंगळूरला गाडी थेट जाते. संध्याकाळी बसलं की सकाळी उतरायचं. ती सोडून आधी पुण्याला उलटं जायचं आणि मग आभाळात चढायचं, याला मी काय समजू? शिवाय तिकिटं अशी की सोबत नेता येईल ती फक्त एक छोटी बॅग, सात किलोची. नवी नवरी सासरी चाललीय आणि सामान किती, तर शाळेच्या सहलीला नेतात तेवढं. कुठंतरी पाणी मुरत होतं.

तिसरं तिकीट पाठराखणीचं होतं. नवरी पहिल्यांदा सासरी जाते तेव्हा तिला एकटं वाटू नये म्हणून माहेरची एक बाई बरोबर जाते, चार दिवस राहते आणि परत येते. तीच पाठराखीण. धाकटी बहीण असते, नाहीतर एखादी मावशी. तिचं घर भरलेलं असावं, कुंकू ठसठशीत असावं अशी अपेक्षा असते. माझ्यासारख्या नवरा सोडून आलेल्या बाईला कुणी त्या पंगतीला बसवत नाही. लग्नाकार्यात माझी साधी ओटीही भरत नाहीत. बायका एका ओळीत भरत येतात आणि माझ्यापाशी आल्या की त्यांना स्वयंपाकघरातलं काहीतरी आठवतं. मी राग मानत नाही असं म्हणते, पण मानते.

वहिनीची बहीण पाठराखीण म्हणून जाणार हे ठरल्यातच जमा होतं. तर ऐनवेळी भाची सगळ्यांसमोर म्हणाली, "माझ्याबरोबर आत्या येणार."

वहिनीनं डोळे मोठे केले. मोठ्या काकू हळूच म्हणाल्या, "बरं दिसतं का गं ते?"

"दिसतं," भाची म्हणाली. "नाहीतर मी एकटी जाते की."

सगळ्यांना वाटलं, मला भरून आलं असेल. मला भरून नाही आलं, संशय आला. ही पोरगी लाडानं असं काही करणारी नव्हे. हिला त्या घराविषयी काही कळलंय का? सगळ्या बायका सोडून नेमकी मीच का? मी दोनदा खोदून विचारलं. तिनं दोन्ही वेळा हसून विषय बदलला. तपासणीच्या टेबलावर असा माल आला तर मी तो बाजूला ठेवते.

म्हणून मी पाठराखणीच्या बॅगेच्या मागं लागले. 

भाचीनं मोबाइलवर एक दाखवली. "ही बघ आत्या. चाकंपण आहेत, दांडा वर ओढला की ओढत न्यायची. आणि इथून पट्टे निघतात, मग पाठीवर घ्यायची. दोन्ही होतं."

"दोन्ही होतं म्हणजे एकही धड होत नसणार. एक ना धड भाराभर चिंध्या."

"लोकांनी चांगलं लिहिलंय की खाली."

"कोण लोक? तुझ्या ओळखीचे आहेत?"

फोटोतली बॅग टम्म फुगलेली होती. आत कागद भरला की कुठलीही पिशवी टम्म फुगते. मला बॅग हातात पाहिजे होती, उलटी करून. मग आम्ही दोघी नवी पेठेत गेलो. जाताना मी कारखान्यातून आणलेले नाकारलेले टॉवेल एका गाठोड्यात बांधून घेतले. भाचीनं विचारलं, हे कशाला? म्हटलं, तांदूळ शिजला की नाही ते बघायला आधी शीत लागतं.

दुकानदार जुन्या पिढीतला, दाढी पांढरी, बोलणं गोड. गोड बोलणाऱ्याकडं मी आधी पाठ करून उभी राहते. त्यानं काळ्या रंगाची एक बॅग काऊंटरवर ठेवली आणि दांडा खटकन वर ओढला.

"देखो ताई, दो काम एक बॅग में. खींचना है तो खींचो, पीठ पो लेना है तो पीठ पो लेओ. हज को जानेवाले लोगां येईच लेके जाते."

"विमानात चालते का?"

"शंभर टक्के. आत्तापर्यंत कित्ते लोगां गये, एक बी वापस नहीं आयी."

"बॅग परत नाही आली की माणसं?"

तो हसला, मी हसले नाही. पर्समधून टेप काढली आणि मापायला घेतलं. बॅगेला लटकवलेल्या पुठ्ठ्यावर उंची लिहिली होती ती बरोबर होती, पण चाकं सोडून. चाकं धरली तर दोन बोटं जास्त भरत होती.

"चाकाला कोण मोजतंय ताई?"

"विमानवाले मोजतात. चाकं काढून का ठेवणार आहे मी दारात?"

त्यानं निमूटपणे ती आत ठेवली आणि दुसरी काढली, करड्या रंगाची, थोडी बुटकी. ही चाकांसकट मापात बसली. मग मी तिला आतून उलटी केली. शिवण दुहेरी होती. पाठीच्या बाजूला चेन होती, ती उघडली की आतून दोन रुंद पट्टे बाहेर यायचे. खाली चाकांवर ओढायला कापडाची एक झडप होती, चाकांचा चिखल साडीला लागू नये म्हणून. ती झडप मला पटेना. एवढा विचार कुणी आपल्यासाठी कशाला करेल? मी ती तीनदा ओढून बघितली. निघाली नाही.

दोष सापडला तो वजनात. चाकं, दांडा, पट्टे, गाद्या असं सगळं स्वतःच बाळगत असल्यामुळं रिकामी बॅगच चांगली जड लागत होती. सात किलोतला बराच वाटा ती स्वतः खाणार. भाची म्हणाली, "मग साधी पाठीवरची घेऊ या की. हलकी असते." दुकानदारही म्हणाला की साधी सस्ती पडेल. त्यानं स्वस्त वस्तूची शिफारस केली म्हणून मला क्षणभर जड वस्तूवर विश्वास बसला.

टॉवेल भरून आम्ही बॅग गल्लीत काढली. फरशी होती तिथं ती मांजरासारखी गुपचूप मागं आली. पुढं महापालिकेनं रस्ता उकरून ठेवला होता, तिथं खडी लागली आणि चाकं अडली. दांडा हातात, बॅग मातीत. जाणारे येणारे बघत होते. मी चेन उघडली, पट्टे काढले आणि पाठीवर घेतली. पदर पट्ट्याखाली अडकला, अंबाडा मागं दबला, भाची पोट धरून हसत होती आणि मोबाइलवर माझं चित्रीकरण करत होती. पण बॅग पाठीवर बसली. दांड्याच्या नळ्या टोचत नव्हत्या. मी खडी ओलांडून पलीकडं गेले, खाली ठेवली आणि फरशीवर पुन्हा ओढायला लागले.

"आता तू घे," मी म्हटलं.

भाचीनं घेतली.

"खाली ठेव. पुन्हा घे. मी हात लावणार नाही. चेन तुझी तू उघड."

"आत्या, बॅग तुझ्यासाठी आहे ना? मग मला कशाला कवायत?"

"घे म्हणते ना."

तिनं घेतली, ठेवली, पुन्हा घेतली. आता ती हसत नव्हती. माझ्याकडं टक लावून बघत होती. मी टॉवेल काढून गाठोडं बांधलं आणि दुकानदाराला म्हटलं, हीच द्या.

याच बाजारात माझ्या लग्नाच्या वेळी वडिलांनी मला पत्र्याची ट्रंक घेतली होती. हिरवी, वर लाल फुलं, पितळी कडी. ती करमाळ्याच्या पलीकडं एका वाडीत माझ्याबरोबर गेली. तिथं काय झालं ते सांगत बसत नाही. अंगावरचं बरं झालं, मनातलं बरं व्हायला वेळ लागला. निघायचं तर मी पहिल्याच वर्षी ठरवलं होतं. पण माझं जे काही म्हणून होतं ते त्या ट्रंकेत होतं. आईच्या साड्या, शिवणाची कात्री, दहावीचं सर्टिफिकेट. आणि ट्रंक एकट्या बाईला उचलायची नव्हती. तिला दोन बाजूंना दोन कड्या असतात, दुसरी कडी धरायला दुसरं माणूस लागतं, आणि दुसरं माणूस त्याच घरातलं असणार. ट्रंक नेता येत नाही आणि सोडून जाववत नाही यात माझी आणखी काही वर्षं गेली. शेवटी घरचे बाजाराला गेले असताना मी कापडी पिशवी घेऊन निघाले. सर्टिफिकेट आणि कात्री घेतली. आईच्या साड्या राहिल्या. अजून तिथंच असतील, किंवा साड्या गेल्या असतील आणि ट्रंकेत आता ज्वारी भरत असतील.

तेव्हा करडी बॅग मला स्वतःसाठी घ्यायचीच नव्हती. चार दिवसांच्या पाहुणीला पिशवीही पुरते. मला ती त्या घरात नेऊन ठेवायची होती. चाकं अडली तर पाठीवर घेता येईल, आणि दुसऱ्या माणसाची गरज लागणार नाही अशी. हे मी कुणाला बोलले नाही. नव्या नवरीबद्दल असं तोंडातून काढलं असतं तर वहिनीनं मला उभी जाळली असती.

लग्न झालं. निघायच्या दिवशी सकाळी वहिनीनं भाचीची ओटी भरली. आम्ही तिला कन्नडमधून उडी म्हणतो, उडी भरणं. नारळ, तांदूळ, हळकुंड, सुपारी, खण. ही ओटी सासरच्या उंबऱ्याच्या आत जाईपर्यंत सांडू द्यायची नसते, तिथं सासू ती सोडवून घेते. भाचीची बॅग साड्यांनी फुगली होती, म्हणून ओटीचं गाठोडं माझ्या करड्या बॅगेत ठेवलं. शेंगाचटणीही होती. तिच्यावरून वादावादी होणार असं मी धरून चालले होते आणि त्यासाठी उत्तरंही पाठ केली होती.

पुण्याच्या विमानतळावर बॅग यंत्रातून गेली आणि बाजूला ओढली गेली. तपासणीची बाई माझ्याच वयाची, केस घट्ट बांधलेले. तिनं चटणीकडं बघितलंसुद्धा नाही.

"नारळ कुणाचा आहे हा? नेता येणार नाही."

भाची घाबरून म्हणाली, "अहो, उडीतला आहे तो."

बाईचा हात थांबला. "उडी? कसली उडी? कोण मारणार आहे उडी?"

"मारायची नाही हो, भरायची!"

"हे बघा, विमानतळावर असले शब्द बोलू नका."

मग मी पुढं होऊन ओटी, उडी, सासर सगळं समजावून सांगितलं. तिनं शेवटपर्यंत ऐकलं आणि तरीही बॅगेची पाठीची चेन उघडून पट्टे बाहेर काढले, शिवणीवरून बोट फिरवलं, चाकांची झडप उलटी करून आत बघितलं. जन्मात पहिल्यांदा मला माझ्या पंथाचं माणूस भेटलं. राग यायच्या ऐवजी मी तिचं बोट कुठं कुठं जातंय ते बघत राहिले. तांदूळ, खण, हळकुंड तिनं परत दिलं. नारळ टेबलावर बाजूला काढून ठेवला.

नवरीच्या ओटीतला नारळ उंबऱ्याच्या आधीच काढून घेतला. माझ्या मनात नको ते यायला लागलं. मी जावयाकडं बघितलं. खोट दिसायची तर ती अशा वेळी दिसते. तो चिडला नाही, हसला नाही. म्हणाला, "मी बाहेर जाऊन पैसे भरून मोठ्या सामानात टाकून येऊ का? वेळ आहे बहुतेक."

भाचीनं नको म्हणून मान हलवली. बाजूला एक बाई फरशी पुसत होती. भाचीनं नारळ घेतला, पर्समधून कुंकवाची डबी काढली, त्या बाईला कुंकू लावलं आणि नारळ तिच्या पदरात घातला. बाई गोंधळली, मग कपाळाला हात लावून हसली. तपासणीची बाई तेवढा वेळ मुद्दाम दुसरीकडं बघत होती.

इथपर्यंत ठीक होतं. पण पुढं चालताना जावई भाचीला हळूच म्हणाला, "अम्माला नको सांगायला हे." 

माझे कान टवकारले. का नको? काय करते तुझी अम्मा?

विमानात भाची खिडकीशी बसली. ढग दिसल्यावर तिचा चेहरा असा फुलला की मला विचारावंच लागलं, रेल्वे सोडून हे विमानाचं खूळ कुणाचं. ती म्हणाली, "माझंच. साखरपुड्यात बोलता बोलता म्हटलं होतं, कधी बसले नाही म्हणून. त्यानं लक्षात ठेवलं." मुलाच्या नावावरचा एक संशय मला खोडावा लागला. तो मी लगेच त्याच्या आईच्या नावावर लिहिला.

विहीणबाईंचं माहेर अक्कलकोटकडचं. बंगळूरात आयुष्य गेलं तरी मराठी बोलायला लागल्या की अजून आमच्या भागातली माती खाली पडते. दारात त्यांनी भाकरतुकडा ओवाळला, नवरीनं माप ओलांडलं, आणि मग त्या भाचीला पाटावर बसवून ओटी सोडायला लागल्या. तांदूळ निघाले, खण निघाला, हळकुंड, सुपारी. त्यांचा हात गाठोड्यात फिरत राहिला.

"नारळ कुटं हाय?"

जावई स्वतःच्या पायांकडं बघायला लागला. मी पुढं सरकले. काही बोलल्या असत्या तर मी तयार होते. पण भाचीनं सरळ सांगून टाकलं, विमानात नेऊ देत नाहीत, म्हणून तिथल्या पुसणाऱ्या बाईची उडी भरली.

विहीणबाईंनी विचारलं, "कुंकू लावलंस का तिला?"

"लावलं."

"मग झालं की. उडी भरल्याशी कारन. कुनाची का भरंना." मग लेकाकडं वळून म्हणाल्या, "आनि तू मला सांगू नको म्हनला असशील. व्हय का न्हाय?"

सगळे हसले. मीसुद्धा हसले, पण हसताना बघत राहिले. लोक पाहुण्यांसमोर हसतातच.

चार दिवस मी त्या घराची तपासणी केली. कोण आधी जेवतं, कुणाच्या ताटात काय पडतं, कुणाचा आवाज कधी चढतो. जावई सकाळी उठून स्वतःचा चहा स्वतः करायचा आणि भाचीलाही द्यायचा. नव्या नवलाईचे नऊ दिवस म्हणून मी ते जमेला धरलं नाही. विहीणबाई भाचीला कन्नड शब्द शिकवायच्या, चुकलं की हसायच्या. दिवसभर त्यांची टकळी चालू असे. भाचीचे सासरे बाहेरून आले की मात्र टीव्हीचा आवाज मोठा व्हायचा आणि विहीणबाईंचा बारीक. बाकी म्हणावं असं काही सापडलं नाही. टॉवेल निर्मळ निघाला की माझं जे होतं तेच झालं. भीती कमी झाली नाही, वाढली.

एकदा विहीणबाईंच्या खोलीत गेले तेव्हा पलंगाखाली पत्र्याची ट्रंक दिसली. निळी, रंग उडालेली.

"माज्या लग्नातली," त्या म्हणाल्या. "लई जड हाय. झाडताना बी हलवत न्हाय मी, भवतीनं झाडते."

"मग आमच्या पोरीला काही आणू नका का म्हणालात?" मी मोका साधून विचारलंच.

"ठेवायला जागा कुटं हाय ताई?" त्या म्हणाल्या आणि उठून गेल्या.

जागा होती. भाचीच्या खोलीतलं कपाट अर्धं रिकामं होतं, मी उघडून बघितलं होतं. मग ही बाई खोटं का बोलली? पाणी मुरत होतं, आणि आता मला जागाही कळली होती, फक्त कारण कळत नव्हतं.

निघायच्या दिवशी मी करडी बॅग रिकामी केली. माझे कपडे कापडी पिशवीत भरले. परतीचं तिकीट रेल्वेचं होतं, तिथं पिशवीला कुणी नावं ठेवत नाही. बॅग मी भाचीच्या कपाटात अगदी तळाशी, सोलापुरी चादरींच्या मागं सारली. मागं वळले तर भाची दारात उभी.

"हे काय?"

"राहू दे. मला कुठं विमानानं फिरायचंय."

ती आत आली आणि दार लोटलं. "मला माहीत होतं. नवी पेठेत कवायत करून घेतलीस तेव्हाच कळलं."

मला चोरी पकडली गेल्यासारखं झालं.

"आत्या, तू मला दोनदा विचारलंस ना, तुलाच का आणलं? घरात सगळ्यांनी मला सांगितलं, सासरी नांदायचं कसं. आईनं सांगितलं, काकूनं सांगितलं, मावशीनं तर कान किटवले. तिथून परत कसं यायचं ते घरात फक्त तुला माहीत आहे." ती थांबली. "तशी वेळ नाही येणार. तो चांगला आहे. पण ज्या बाईला ते माहीत आहे ती पाठीशी उभी असली ना, की मला धीर येतो. भीती नाही वाटत मग."

इतकी वर्षं लोकांनी ज्यासाठी मला पंगतीतून वगळलं, त्याच्यासाठीच या पोरीनं मला पाठराखीण केलं होतं. मला रडू आलं. मी ते लपवलं नाही.

बाहेरच्या खोलीत विहीणबाई ताट घेऊन थांबल्या होत्या. नारळ, तांदूळ, खण. मी दोन पावलं मागं सरकले. "माझी भरत नाहीत."

"कोन भरत न्हाय?" त्या म्हणाल्या. "बसा खाली."

मी खाली बसले आणि पदर पुढं केला. त्यांनी कुंकू लावलं, नारळ घातला आणि तेवढ्यात त्यांची नजर माझ्या कापडी पिशवीवर गेली.

"तुमची चाकाची बॅग कुटं हाय?"

"चाक मोडलं," मी म्हणाले. "टाकून द्या."

त्या उठल्या, भाचीच्या खोलीत गेल्या. कपाट उघडल्याचा आवाज आला, चादरी बाजूला केल्याचा आवाज आला. मग फरशीवरून बॅग गुपचूप त्यांच्यामागं बाहेर आली. त्यांनी ती पुढं मागं फिरवली. चाकं बघितली. पाठीची चेन उघडली, पट्टे बाहेर काढले आणि एक पट्टा आपल्या खांद्यावर चढवून बघितला. मी आणि भाची बघत उभ्या होतो. सासरे आतल्या खोलीत टीव्ही बघत होते.

"चाकं बरी हायेत की," त्या म्हणाल्या.

मी खाली बघितलं.

त्यांनी पट्टे आत घातले, चेन लावली. बॅग परत कपाटात नेली नाही. भाचीच्या खोलीच्या दारामागं, खुंटीखाली, हाताला येईल अशी उभी करून ठेवली.

"मागं कोंबून ठेवू नगा," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "येळंला गावत न्हाय. मोकळी असू दे, दाराशी."

रेल्वेत मला खिडकी मिळाली. मांडीवर कापडी पिशवी, पिशवीत नारळ, आणि तो कुणी काढून घेतला नाही. चार दिवस त्या घरात मी खोट शोधत होते आणि ती माझ्या डोळ्यांसमोर पलंगाखाली पडली होती. काही आणू नका, हातातली एकेक बॅग बास, असं ती बाई का म्हणाली होती ते मला वाडी जंक्शन मागं पडल्यावर कळलं. मी निदान साड्या सोडून निघाले. तिची ट्रंक इतक्या वर्षांत जागची हलली नव्हती.